झेडएफएसचं रेप्लिकेशन फेल झालंय? आधी डिलीट थांबवा, मग लॉग बघा

माझा मावसभाऊ सांगलीत लग्नाचे फोटो-व्हिडिओ करतो. स्टुडिओत एक नॅस (नेटवर्कवर जोडलेला डिस्कचा डबा) आहे आणि त्याची कॉपी रोज रात्री पुण्यात माझ्या घरच्या नॅसवर येते, यालाच रेप्लिकेशन म्हणायचं. दोन्हीकडे झेडएफएस, म्हणजे डिस्कवर फाइल सांभाळणारी सिस्टम. एका मे महिन्यात लग्नसराई जोरात होती, रोज शंभर-दीडशे जीबी नवा डेटा पडत होता, आणि रात्री जॉब चालू असतानाच वळीव आला आणि लाईट गेली. नॅस यूपीएसवर होता म्हणून टिकला. राउटर यूपीएसवर नव्हता. सकाळी फोन, "दादा, रेप्लिकेशन फेल असा मेल आलाय, मी दोनदा परत चालू केलं तरी फेल, इथे फ्रॉम स्क्रॅच असा एक चौकोन दिसतोय त्यावर टिक करू का?" म्हटलं बाबा, माऊस खाली ठेव.

त्या चौकोनाचा अर्थ असा, की सोर्स (जिथून डेटा जातो, इथे सांगली) आणि टार्गेट (जिथे येतो, इथे पुणे) या दोन्हीकडे जुळणारा एकही स्नॅपशॉट, म्हणजे डेटाचं एका क्षणाचं गोठवलेलं चित्र, सापडला नाही तर टार्गेटवरचे सगळे स्नॅपशॉट उडव आणि पहिल्यापासून सगळं पाठव. त्याच्याकडे साधारण ४ टीबी होते आणि अपलोड ४० एमबीपीएस. गुणाकार करून बघा, लाईन पूर्ण भरून चालली तरी सव्वानऊ दिवस लागतात, आणि तेवढे दिवस दुसरीकडे धड कॉपीच नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय. रेप्लिकेशन फेल झाल्यामुळे डेटा गेला असं मी फार कमी बघितलंय, ते दुरुस्त करताना गेला असं मात्र बरंच.

(कमांड आपण बोलताना म्हणतो तशाच देवनागरीत लिहिल्यात, टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या. लहान एस आणि कॅपिटल एफ असला फरक जिथे महत्त्वाचा आहे तिथे सांगितलाय, नसेल तर लहान अक्षर समजा.)

पहिलं काम: घड्याळ थांबवा

लॉग उघडायच्या आधी दोन गोष्टी करा. रेप्लिकेशनचं शेड्यूल बंद करा हे सगळेच करतात, पण सोर्सवरचे जुने स्नॅपशॉट आपोआप डिलीट करणारं जे काही असेल, म्हणजे रिटेन्शन म्हणा प्रून म्हणा, तेही बंद करायचं, आणि हेच लोक विसरतात. तुम्ही दोन दिवस लॉग वाचत बसता, तिकडे सोर्स ठरलेल्या वेळेला जुने स्नॅपशॉट काढत राहतो आणि ज्याच्या जोरावर गाडी परत रुळावर आली असती नेमका तोच स्नॅपशॉट जातो.

कारण ही सगळी पद्धत एका धाग्यावर लटकलेली आहे. समजा सोमवारचा स्नॅपशॉट दोन्हीकडे आहे, मग मंगळवारी सोर्स फक्त सोमवार ते मंगळवार एवढाच फरक पाठवतो, टार्गेट तो सोमवारच्या वर चढवतो. सोमवारचा कुठल्याही एका बाजूला उडाला आणि त्याच्या आधीचाही जुळणारा कुठला उरला नाही, की फरक काढायला पायाच नाही, मग पूर्ण पाठवणं आलं (बुकमार्क हा अपवाद, तो पुढे). त्यामुळे जुळणारा स्नॅपशॉट सापडला की लगेच त्याला दोन्हीकडे होल्ड लावा. झेडएफएस होल्ड, पुढे काहीही एक नाव (मी सरळ 'थांब' असं ठेवतो), पुढे स्नॅपशॉटचं नाव, बस. आता कोणी डिलीट करायला गेलं तर डेटासेट (झेडएफएसमधला एक स्वतंत्र कप्पा) बिझी आहे असं उत्तर येतं. पोटात चाइल्ड डेटासेट असतील तर डॅश आर लावायचा.

आता जुळणारा शोधायचा कसा, तर दोन्ही मशीनवर झेडएफएस लिस्ट, डॅश टी स्नॅपशॉट, आणि डॅश ओ देऊन नाव, जीयूआयडी (प्रत्येक स्नॅपशॉटचा स्वतःचा वेगळा नंबर) आणि क्रिएशन हे तीन कॉलम मागवा. दोन्हीचं आउटपुट फाइलमधे ठेवा, नंतर उपयोगी पडतं. जुळवायचा जीयूआयडी, नाव नाही. नावं सारखी आणि आतला माल वेगळा असं सर्रास होतं, दोन्ही मशीनवर एकाच पॅटर्नने आपापले ऑटो स्नॅपशॉट चालू असले की दोन्हीकडे ऑटो डॅश अमुक तारीख असं तेच नाव दिसतं, माणूस म्हणतो आहे की जुळणारा, आणि झेडएफएस म्हणतं नाही. झेडएफएस बरोबर असतं. आणि मुळात टार्गेटवर त्याच डेटासेटचे वेगळे ऑटो स्नॅपशॉट चालू ठेवूच नका, तिथे जे काही यायचं ते सोर्सकडूनच येऊ दे.

लॉग वाचताना

सेंड (पाठवणारी कमांड) एका मशीनवर, रिसीव्ह (घेणारी) दुसऱ्यावर, मधे एसएसएच, म्हणजे दुसऱ्या मशीनशी जोडणारी सुरक्षित लाईन. रिसीव्ह काही कारणाने मेला की सेंडच्या बाजूला फक्त ब्रोकन पाइप दिसतं आणि लोक नेटवर्कच्या मागे लागतात, केबल बदल, स्विच बदल, आणि खरं कारण टार्गेटची जागा संपलीय हे असतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. त्यामुळे शेवटची ओळ वाचू नका, पहिली एररची ओळ शोधा, आणि शक्यतो रिसीव्हच्या तोंडून आलेली. स्वतः लिहिलेली शेल स्क्रिप्ट असेल तर अजून एक, पाइपमधल्या, म्हणजे एकीचं आउटपुट दुसरीला देत जोडलेल्या कमांडांमधल्या, शेवटच्या कमांडचाच एक्झिट कोड (जमलं की नाही ते सांगणारा आकडा) मिळतो, आधीची मेली तरी स्क्रिप्ट खुशाल सगळं ठीक म्हणून पुढे जाऊ शकते. बॅशमधे सेट डॅश ओ पाइपफेल टाकलं नसेल तर आज टाका.

एसएसएचची की चालत नाही, टार्गेट नव्याने इन्स्टॉल केल्यामुळे होस्ट की बदलली, युजरला रिसीव्हची परवानगी नाही, ही सोपी भांडणं. हाताने एसएसएच करून बघितलं की कळतात. स्क्रिप्ट ज्या युजरने चालते त्याच युजरने करा पण, रूटने करून 'माझ्याकडे तर चालतंय' म्हणू नका.

इनपुट आउटपुट एरर किंवा चेकसम एरर (वाचलेला डेटा लिहिलेल्याशी जुळत नाही) दिसली तर मात्र रेप्लिकेशनचा विषयच सोडा. आधी झेडपूल स्टेटस डॅश व्ही (पूल म्हणजे डिस्क एकत्र करून बनवलेला साठा), कुठल्या डिस्कवर आकडे वाढलेत आणि कुठल्या फाइल खराब झाल्यात ते बघा. डिस्क मरत असताना तिच्यावरून ४ टीबी ओढायला लावणं म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला पळायला लावणं.

मधेच तुटलं असेल तर

आमचं झालं होतं ते हे. रिसीव्ह चालवताना डॅश एस (लहान) दिलेला असेल, तर तुटल्यावर आलेला अर्धा माल टार्गेट फेकून देत नाही, जपून ठेवतो आणि एक टोकन देतो. टार्गेटवर झेडएफएस गेट करून रिसीव्ह अंडरस्कोर रिझ्यूम अंडरस्कोर टोकन ही प्रॉपर्टी बघा. डॅश म्हणजे नुसती आडवी रेघ आली तर टोकन नाही. लांबलचक अगम्य अक्षरं आली तर नशीब चांगलं, ती सगळी कॉपी करा, एकही अक्षर सुटता कामा नये, आणि टर्मिनलने मधे ओळ तोडली असेल तर ती जोडून घ्या.

मग सोर्सवर झेडएफएस सेंड डॅश टी आणि पुढे ते टोकन, पाइप, एसएसएच, आणि तिकडे परत रिसीव्ह डॅश एस. डॅश एस परत द्यायचाच, कारण लाईट परत जाणार आहे. त्याआधी सेंडलाच डॅश एन व्ही टी आणि टोकन देऊन कोरडं चालवा, काही न पाठवता ते टोकन कुठल्या स्नॅपशॉटचं आहे ते दिसतं. आणि हे सगळं टीमक्स किंवा स्क्रीनमधे (सेशन तुटलं तरी कमांड चालू ठेवणारे प्रोग्रॅम) चालवायचं, लॅपटॉपचं झाकण मिटलं की सेशनबरोबर सेंडही मेला हे मी स्वतः केलेलं आहे, तेही रात्री दोनला.

टोकन शिल्लक असताना नेहमीचा इन्क्रिमेंटल (फक्त फरक पाठवणारा) जॉब चालवला तर तो फेलच होणार, कारण टार्गेट म्हणतो की माझ्याकडे अर्धवट रिसीव्ह झालेलं काम पडून आहे. मावसभावाचे दोन्ही प्रयत्न याच्यावरच आपटले होते, तो चौकोन नॅसच्या स्वतःच्या रेप्लिकेशन स्क्रीनवरचा, रोजचा जॉब मात्र माझी घरगुती स्क्रिप्ट चालवायची आणि टोकन बघायची अक्कल मी तिच्यात घातली नव्हती. म्हणजे चूक कोणाची ते कळलं असेलच. सोर्सवरचा तो स्नॅपशॉट आता उरलेला नसेल तर टोकन कामाचं नाही, अशा वेळी टार्गेटवर झेडएफएस रिसीव्ह कॅपिटल ए देऊन ते अर्धवट काम सोडून द्यायचं आणि जुन्या जुळणाऱ्या स्नॅपशॉटपासून परत इन्क्रिमेंटल. अर्धवट मालाने टार्गेटवर जागाही अडवलेली असते, तीही तेव्हाच सुटते.

डेस्टिनेशन मॉडिफाय झालंय म्हणतोय

हे फार कॉमन. शेवटच्या स्नॅपशॉटनंतर टार्गेटवर कोणीतरी काहीतरी बदललंय, म्हणून इन्क्रिमेंटल चढत नाही. कोणीतरी म्हणजे बहुतेक वेळा कोणीच नाही, मॅकवरून शेअर उघडून बघितलं आणि त्याने डॉट डीएस स्टोअर फाइल टाकली, विंडोजने थंब्स टाकली, किंवा एटाइम चालू होता आणि नुसत्या फाइल उघडून बघितल्या तरी ॲक्सेसची वेळ लिहिली गेली.

इथे सगळे रिसीव्हला कॅपिटल एफ लावायला सांगतात. एफ लावला की टार्गेट शेवटच्या स्नॅपशॉटवर मागे जातो आणि मग नवीन घेतो, काम होतं, खोटं नाही. पण आधी टार्गेटवर झेडएफएस डिफ, शेवटचा स्नॅपशॉट आणि डेटासेट, असं चालवा. काय बदललंय त्याची यादी येते, अधिक चिन्ह म्हणजे नवीन फाइल, वजा म्हणजे गेलेली, एम म्हणजे बदललेली. यादीत नुसता कचरा असेल तर खुशाल एफ लावा किंवा झेडएफएस रोलबॅक करा. पण त्यात कोणाचा तरी एडिट केलेला अल्बम दिसला, तर तो आधी कॉपी करून दुसऱ्या डेटासेटवर नेऊन ठेवा. होतं असं. मुख्य नॅस बंद असतो, पोरगा गडबडीत बॅकअपवाल्यावर काम सेव्ह करतो, कोणाला सांगत नाही. एफला ते कळत नाही.

परत होऊ नये म्हणून टार्गेटच्या डेटासेटवर रीडओन्ली इक्वल टू ऑन. रीडओन्ली केलं तर रिसीव्ह कसं होणार असं वाटतं, पण रिसीव्ह होतं, फक्त माणसांना लिहिता येत नाही. आपल्याला तेच हवंय.

एफबद्दल अजून एक. सेंड कॅपिटल आर ने, म्हणजे पूर्ण झाडासकट, पाठवत असाल आणि रिसीव्हला कॅपिटल एफ असेल, तर जे स्नॅपशॉट आणि जे डेटासेट सोर्सवर नाहीत ते टार्गेटवरूनही काढले जातात. तुम्ही बॅकअपवर मुद्दाम जास्त दिवसांचे स्नॅपशॉट ठेवले असतील तर ही जोडी लावायच्या आधी दोनदा विचार करा. आणि कुठलाही जॉब परत चालू करायच्या आधी सोर्सवर जाऊन डोळ्यांनी बघा की सोर्स तरी शाबूत आहे ना. फोल्डर रिकामं झालंय, फाइलींची एक्स्टेन्शन विचित्र झालीत, साइज अचानक पडलाय, असं काही असेल तर रेप्लिकेशन बंद पडलं हे तुमचं भाग्य समजा आणि टार्गेटची नेटवर्क केबल काढून ठेवा.

जुळणारा स्नॅपशॉट नाहीच सापडला

शेवटचा जुळत नसेल तर जुना जुळतो का बघा, खाली खाली जात रहा. महिन्यापूर्वीचा जुळला तरी सोनं आहे, टार्गेटला त्याच्यावर रोलबॅक डॅश आर करायचं (त्यानंतरचे टार्गेटवरचे स्नॅपशॉट यात उडतात, हे माहीत असू दे) आणि सोर्सवरून सेंड कॅपिटल आय ने त्या जुन्यापासून आजपर्यंतचे मधले सगळे पाठवायचे. महिन्याभराचा फरक जातो, सगळे ४ टीबी नाही.

सोर्सवरचा उडाला असेल पण त्याचा बुकमार्क असेल तरी काम होतं. बुकमार्क म्हणजे स्नॅपशॉटची नुसती खूण, ॲटच्या जागी हॅश असतो, त्यात डेटा नसतो म्हणून जागा जवळपास शून्य, पण इन्क्रिमेंटल कुठून सुरू करायचं ते सांगायला पुरतो. टार्गेटवर खरा स्नॅपशॉट हवा आणि पाठवताना लहान आय वापरायचा, कॅपिटल आय बुकमार्कपासून चालत नाही. बुकमार्क आहेत का ते झेडएफएस लिस्ट डॅश टी बुकमार्क ने दिसतं. नसतील तर आज काही करता येणार नाही, पण इथून पुढे प्रत्येक यशस्वी जॉबनंतर एक बुकमार्क टाकायची ओळ स्क्रिप्टमधे घाला. सिंकॉइड (झेडएफएस रेप्लिकेशनची तयार स्क्रिप्ट) वापरत असाल तर त्याला बुकमार्क बनवायचा ऑप्शन आहेच.

काहीच नाही सापडलं तर पूर्ण पाठवा. पण जुना डेटासेट डिस्ट्रॉय करून नाही. त्याला झेडएफएस रिनेमने जुना असं काहीतरी नाव द्या आणि नवीन कॉपी नव्या नावाने घ्या, नवीन पूर्ण येऊन तपासून होईपर्यंत जुना तिथेच राहू दे. जागा पुरत नाही म्हणाल तर एक मोठी डिस्क विकत किंवा उसनी आणा, खरंच. आणि नेटवरून पाठवायच्या ऐवजी टार्गेटचा डबा उचलून सोर्सशेजारी नेऊन ठेवा, गिगाबिट लॅनवर ११० एमबी सेकंदाला मिळाले तर ४ टीबी दहा तासात होतात. सांगली-पुणे एसटीने जाऊन येऊनही सव्वानऊ दिवसांपेक्षा लवकर होतं. डबा हलवता येत नसेल तर एक्स्टर्नल डिस्कवर छोटा पूल बनवून त्यात रिसीव्ह करा आणि ती डिस्क न्या. सेंडचं आउटपुट सरळ एका फाइलमधे भरून नेऊ नका, त्या फाइलमधे एका ठिकाणी बिघाड झाला तरी ती रिसीव्ह होत नाही आणि हे तुम्हाला तिकडे पोचल्यावर कळतं.

एन्क्रिप्टेड डेटासेट असतील तर आधी रॉ, म्हणजे एन्क्रिप्ट असलेलं तसंच, डॅश डब्ल्यू ने पाठवत होता का साधं, ते तपासा आणि तेच चालू ठेवा. साध्यावर रॉ इन्क्रिमेंटल चढत नाही.

जागा संपली

थोडक्यात. टार्गेटवर झेडएफएस लिस्ट डॅश ओ स्पेस करा, स्नॅपशॉटनी किती अडवलीय ते वेगळ्या कॉलममधे दिसतं, आणि कोटा लावलाय का तेही बघा, कारण पूल रिकामा आणि कोटा भरलेला हा प्रकार फार डोकं खातो. मोठ्या फाइल डिलीट करून जागा होणार नाही, स्नॅपशॉट त्यांना धरून बसलेत. जुने स्नॅपशॉट काढायचे, पण झेडएफएस डिस्ट्रॉय डॅश एन व्ही असं आधी कोरडं चालवून, काय जाणार आणि किती जागा सुटणार ते वाचून. जुळणाऱ्याला होल्ड लावलाय म्हणून तो वाचेल. तो नाही लावला तर बघा, घाईत माणूस सगळ्यात वरचा आणि सगळ्यात नवा यात गोंधळतो.

कुठल्या मशीनवर आहात?

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबचं (प्रोग्रॅमरांचा कोड ठेवणारी साइट) पोस्टग्रेस डेटाबेसचं रेप्लिकेशन मागे पडलं, दुसरा सर्व्हर नव्याने भरायचा म्हणून एक इंजिनियर रात्री उशिरा त्याची डेटा डिरेक्टरी रिकामी करायला गेला, आणि कमांड चालली ती मुख्य सर्व्हरवर. लक्षात येऊन थांबवेपर्यंत ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. रोजचे डम्प (डेटाबेसची पूर्ण कॉपी) काढायचे ते व्हर्जन जुळत नसल्याने होतच नव्हते आणि फेल झाल्याचे मेल पोचतच नव्हते. शेवटी कोणीतरी सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी काढलेला एक स्नॅपशॉट होता त्यावर निभावलं. त्यांनी हे सगळं लपवून न ठेवता जाहीर लिहिलं म्हणून आपल्याला माहीत आहे. ते लोक आपल्यापेक्षा हुशार होते, फक्त रात्र होती आणि आपण कुठल्या सर्व्हरवर आहोत याचा घोळ झाला.

म्हणून सोर्सच्या टर्मिनलचा रंग लाल करून ठेवा आणि डिस्ट्रॉय, रोलबॅक, कॅपिटल एफ यातलं काहीही मारायच्या आधी होस्टनेम टाइप करून एंटर मारा. दोन सेकंद जातात. शक्य असेल तर शेजारी कोणाला तरी ती कमांड मोठ्याने वाचून दाखवा, मी बायकोला दाखवतो, तिला काही कळत नाही पण वाचताना मलाच चूक सापडते.

झालं म्हणायच्या आधी

जॉब हिरवा झाला म्हणून उठू नका. दोन्हीकडच्या शेवटच्या स्नॅपशॉटचा जीयूआयडी जुळतोय का बघा. मग टार्गेटवर त्या स्नॅपशॉटचा क्लोन (उघडून बघायला तात्पुरती प्रत) करून दोन-चार फाइल खरंच उघडा, एक जुनी, एक कालची, एक मोठा व्हिडिओ शेवटपर्यंत ओढून. क्लोन मग काढून टाका. सवडीने दोन्ही पूलवर स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून तपासणं. हे सगळं झाल्यावर झेडएफएस रिलीजने होल्ड काढायचे, नाहीतर सहा महिन्यांनी हा स्नॅपशॉट का जात नाही म्हणून तुम्हीच डोकं खाजवत बसाल, आणि मग शेड्यूल चालू, आणि एक-दोन रात्री नीट गेल्या की प्रून चालू, याच क्रमाने. जॉब लांबला तर दुसरा त्याच्यावर चढू नये म्हणून स्क्रिप्टला एफलॉक (एका वेळी एकच चालू देणारं कुलूप) लावा.

अलर्ट मात्र बदला. जॉब फेल झाला तर मेल, हे पुरत नाही, क्रॉनच (ठरलेल्या वेळी जॉब चालवणारा) बंद पडला तर जॉब चालतही नाही आणि फेलही होत नाही, सगळं शांत. त्याऐवजी टार्गेटवर एक छोटी स्क्रिप्ट ठेवा जी सगळ्यात नव्या स्नॅपशॉटचं वय बघेल आणि ते ३६ तासांच्या वर गेलं की ओरडेल. आणि आठवड्यातून एकदा सगळं ठीक आहे असाही मेल पाठवेल, तो आला नाही की समजायचं मेलच बंद आहे.

सांगलीला टोकनवरून उरलेलं काम त्या दिवशी दुपारपर्यंत पूर्ण झालं. राउटरसाठी छोटा यूपीएस त्याच संध्याकाळी घेतला.